आवडती पुस्तके पुन्हा वाचताना

शाळेच्या ग्रंथालयासाठी विज्ञानाची चार चांगली पुस्तके सुचवा, असे शिक्षक आम्हांला वरचेवर विचारतात. अशा वेळी लहानपणी आवडलेल्या पुस्तकांची नावे आपोआप ओठांवर येतात. परंतु तीस-पस्तीस वर्षांपूर्वी आवडलेले पुस्तक आजच्या बारा-चौदा वर्षांच्या मुलाला द्यावे काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. गोष्टीच्या पुस्तकाचे एक बरे असते, त्यातली गोष्ट शिळी होत नाही. विज्ञानाच्या पुस्तकातली माहिती मात्र शिळी होते. सूर्यमालेत नऊ ग्रह आहेत असे सांगणारी पुस्तके २००६ साली एका दिवसात जुनी झाली. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने प्लूटोला बटु ग्रहांत टाकले. मग जुनी आवडती पुस्तके कपाटातून काढून टाकायची काय?

याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही आमची जुनी आवडती पुस्तके पुन्हा वाचली. वाचताना शेजारी मेणबत्ती, काड्यापेटी, जाड कागद, थोडा बर्फ आणि पेन्सिल घेऊन बसलो. हे साहित्य का लागले, ते पुढे येईलच.

पहिले पुस्तक मायकेल फॅरडेचे, मेणबत्तीच्या रासायनिक इतिहासावरचे. पण त्याच्याकडे वळण्यापूर्वी फॅरडेने स्वतः लहानपणी काय वाचले, ते पाहणे उपयोगाचे ठरेल. लोहाराच्या घरी १७९१ साली जन्मलेला हा मुलगा चौदाव्या वर्षी लंडनमधील रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे बांधणीकाम शिकायला उमेदवार म्हणून लागला. बांधणीसाठी येणारी पुस्तके तो वाचून काढी. त्यांत जेन मार्सेट या बाईंचे रसायनशास्त्रावरील संवादांचे पुस्तक होते. १८०६ साली ते लेखिकेचे नाव न छापता प्रसिद्ध झाले होते. एक शिक्षिका आणि एमिली व कॅरोलाइन या तिच्या दोन विद्यार्थिनी यांच्यातील प्रश्नोत्तरे, असे त्याचे स्वरूप. पुढे मार्सेटबाई वारल्यावर १८५८ साली फॅरडेने एका शास्त्रज्ञ मित्राला लिहिलेल्या पत्रात या पुस्तकाचे ऋण मान्य केले आहे. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की पुस्तकातली विधाने आपण आपल्या ऐपतीप्रमाणे लहानसहान प्रयोग करून तपासली, ती खरी ठरली, आणि तेव्हापासून त्या पुस्तकावर आपला विश्वास बसला.

या ठिकाणी थोडे थांबावे. पुस्तकात लिहिले आहे म्हणून या मुलाने ते खरे मानले नाही. ते तपासता आले, म्हणून मानले. आणि तपासणे शक्य झाले, कारण लेखिकेने विधानांबरोबर प्रयोगही दिले होते. आम्हांला तरी विज्ञानाचे बालपुस्तक निवडण्याची याहून चांगली कसोटी सापडलेली नाही. पुस्तकातली किती विधाने मूल स्वतःच्या घरी, स्वतःच्या हाताने, आईवडिलांच्या खिशाला फारसा भार न देता तपासू शकते, ते मोजावे. माहितीचे वय होते. तपासण्याच्या रीतीचे होत नाही. गमतीची गोष्ट अशी, की मार्सेटबाई पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या सतत सुधारत राहिल्या आणि उतारवयात नव्या शोधांबद्दल त्यांनी चौकशी केली ती फॅरडेकडेच!

आता मेणबत्ती. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळच्या सुटीत मुलांसाठी व्याख्याने होत असत. फॅरडेने अशा एकोणीस व्याख्यानमाला दिल्या. १८६०-६१ च्या हिवाळ्यात, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्याने मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. त्यांची टिपणे विल्यम क्रुक्सने संपादित केली आणि १८६१ साली पुस्तक निघाले. प्रताधिकार केव्हाच संपल्यामुळे त्याचा इंग्रजी मजकूर आज महाजालावर फुकट वाचता येतो.

सुरुवात फॅरडे अगदी साध्या प्रश्नाने करतो. मेणबत्ती जळताना तिच्या माथ्यावर वितळलेल्या मेणाची सुबक वाटी तयार होते, ती कशी? ज्योतीमुळे हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला खालून गार हवा मेणबत्तीच्या बाजूंना घासत वर येते. त्यामुळे बाहेरची कड गार राहते, मधले मेण तेवढे वितळते आणि कड शाबूत राहून वाटी बनते. वारा एका बाजूने आला, की विरुद्ध बाजूची कड ढासळून मेण ओघळते. म्हणूनच खाचाखोचांच्या, नक्षीदार मेणबत्त्या दिसायला सुंदर असल्या तरी जळायला वाईट असतात, कारण हवेचा प्रवाह त्यांच्याभोवती सारखा राहत नाही. दिवाळीत नक्षीची आणि साधी अशा दोन मेणबत्त्या शेजारी शेजारी लावून मुलांना याचा पडताळा घेता येईल.

मग प्रश्न येतो, की जळते ते नक्की काय? वात, घन मेण, की वितळलेले मेण? मेणबत्ती काही वेळ नीट जळू द्या. मग हळूच फुंकून विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर जाऊ लागेल. पेटलेली काडी वातीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर, त्या रेघेत धरा. ज्योत धुरावरून उडी मारून वातीवर येते. हा धूर म्हणजे मेणाची वाफ आणि तिच्यातून गोठलेले बारीक कण. म्हणजे जळते ती वाफ. वातीचे काम वितळलेले मेण केशाकर्षणाने वर आणण्याचे. वारा नसलेल्या खोलीत हा प्रयोग हमखास जमतो. समईतल्या तेलाच्या ज्योतीवर तो इतकाच सहज जमतो का, हे आम्ही मुद्दाम सांगत नाही. विद्यार्थ्यांना करून पाहू द्या, आणि फरक पडला तर का पडला यावर वर्गात भांडू द्या.

दुसरा प्रयोग त्याहून देखणा आहे. जाडसर पांढरा कागद आडवा धरून झटकन ज्योतीच्या मध्यावर दाबावा आणि पेट घेण्याआधी उचलावा. त्यावर काळपट कडे उमटते, आत मात्र कागद जवळजवळ कोरा राहतो. वाफ आणि हवा जिथे भेटतात तिथेच ज्वलन होते, ज्योतीच्या पोटात होत नाही. (हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा, जवळ पाण्याचे तपेले ठेवून.)

ज्योत पिवळी आणि तेजस्वी का दिसते, याचे उत्तर आपल्याकडे आजीबाईंच्या हातात होते. काजळ धरण्यासाठी दिव्याच्या ज्योतीवर तांब्या-पितळेचे भांडे धरीत. ज्योतीच्या उजळ भागात थंड पृष्ठभाग धरला, की त्यावर काजळी बसते. म्हणजे त्या भागात कार्बनचे घन कण आहेत आणि तापून तेच पिवळे प्रकाशतात. काजळी बसू न देता तेच कण वर जाऊ दिले, की हवेत पुरते जळून जातात. फॅरडेने हेच आपल्या श्रोत्यांना दाखवले. आपल्याकडे घरोघर होणारी ही कृती प्रयोग म्हणून कुणी पुढे का मांडली नाही, याची रुखरुख हे पुस्तक वाचताना लागून राहते.

पुन्हा वाचताना एका जागी आम्ही अडखळलो, आणि ती जागा शिक्षकांना विशेष उपयोगी आहे. मेणबत्ती जळताना पाणी तयार होते हे दाखवण्यासाठी फॅरडे बर्फ-मिठाने गार केलेले भांडे ज्योतीवर धरतो. भांड्याच्या तळाशी पाण्याचे थेंब जमतात. आता हाच प्रयोग कोकणात जुलै महिन्यात करून पाहा. बर्फाचे भांडे नुसते टेबलावर ठेवले तरी थेंबांनी डवरून जाते! हे पाणी मेणबत्तीचे की पावसाळी हवेचे? चौकस मूल हा प्रश्न विचारणारच. उत्तर असे, की दोन सारखी भांडी घ्यावीत, एक ज्योतीवर धरावे आणि दुसरे त्याच खोलीत पण ज्योतीपासून दूर ठेवावे. बर्फाऐवजी माठातले पाणी भरावे, म्हणजे दूरचे भांडे कोरडे राहण्याची शक्यता वाढते. उन्हाळ्यातील कोरड्या दिवशी करावा, हे सर्वांत बरे. एरवी ‘नियंत्रित प्रयोग’ हा शब्द फळ्यावर लिहून जे समजत नाही, ते इथे एका भांड्यात समजते.

या पुस्तकाची दुसरी बाजूही सांगायला हवी. विद्युत्-विघटनाचा भाग बारा वर्षांच्या मुलाला जड जातो. कार्बन डाय-ऑक्साइडला जुने नाव वापरलेले आहे. भाषाही दीडशे वर्षांपूर्वीची आहे. सातवी-आठवीसाठी पहिली दोन व्याख्याने आणि श्वसनाची ज्वलनाशी तुलना करणारे शेवटचे, एवढी पुरेत. मधली चार पाने गाळली म्हणून फॅरडे रागावणार नाही. उलट त्यात भर घालायला आज नवे काही आहे. हवेच्या वर जाणाऱ्या प्रवाहावर त्याचा एवढा भर होता, पण जिथे ‘वर’ असे काही उरतच नाही तिथे मेणबत्ती कशी जळेल? १९९२ साली अमेरिकेच्या अवकाशयानात आणि १९९६ साली रशियाच्या मीर अवकाशस्थानकात ती लावून पाहण्यात आली. ज्योत जवळजवळ अर्धगोलाकार, निळी आणि मंद झाली. अभिसरण नाही, त्यामुळे ज्योतीला शेपूट नाही, आणि काजळीचे तापलेले कण फारसे नाहीत म्हणून पिवळेपणाही नाही.

मीर हे नाव आमच्या पिढीला अवकाशस्थानकाआधी पुस्तकांमुळे ठाऊक झाले. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची स्वस्त आणि भक्कम बांधणीची पुस्तके सोव्हिएत संघ १९९१ साली विसर्जित होईपर्यंत आपल्याकडे प्रदर्शनांत मिळत. नंतर ती जुन्या बाजारात आणि ग्रंथालयांत उरली. त्यांतले याकोव पेरेलमन यांचे मनोरंजक पदार्थविज्ञानाचे पुस्तक हे आमचे दुसरे आवडते. मूळ रशियन पुस्तक १९१३ साली निघाले. पेरेलमन स्वतः १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात मरण पावले.

कागदाच्या भांड्यात पाणी उकळणे हा त्यांचा एक प्रसिद्ध प्रयोग. जाड कागदाची डबी करून तीत पाणी भरावे आणि ज्योतीवर धरावी. पाणी उकळते, कागद पेटत नाही. कागद पेटायला सुमारे २३० अंश सेल्सिअस तापमान लागते. पाणी मात्र उष्णता सतत ओढून घेते आणि शंभर अंशांवर जात नाही. पण पुढे जाऊन हेच पुठ्ठ्याच्या डबीत करा. तळ बाहेरून करपू लागतो! पुठ्ठा जाड, त्यातून उष्णता सावकाश आत जाते, म्हणून आतली बाजू शंभर अंशांवर असली तरी बाहेरची बरीच तापते. पहिल्या प्रयोगाने मुले टाळ्या वाजवतात. दुसऱ्याने विचारात पडतात.

पेरेलमन आम्हांला अधिक आवडले ते मात्र वेगळ्या कारणासाठी. दुसऱ्यांच्या आवडत्या गोष्टी कशा वाचाव्यात, हे ते शिकवतात. मराठी मुलांना ज्यूल व्हर्न भेटला तो मुख्यतः भा. रा. भागवतांमुळे. फास्टर फेणेचे जनक म्हणून भागवत सर्वांना ठाऊक आहेत, पण व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणण्याचे त्यांचे काम तितकेच मोठे आहे. ‘चंद्रावर स्वारी’ हे त्यांतलेच. मूळ फ्रेंच कादंबरी १८६५ सालची. फ्लोरिडात जमिनीत सुमारे २७४ मीटर लांबीची तोफ पुरायची आणि तीन माणसे बसवलेला गोळा चंद्राकडे डागायचा, ही कल्पना. ते वाचताना रात्र कशी सरली हे ज्यांना आठवते, त्यांना पुढचे गणित थोडे निर्दय वाटेल.

गोळ्याला सेकंदाला ११ किलोमीटर एवढा वेग हवा. तो २७४ मीटरमध्ये गाठायचा. नववीतले सूत्र घ्या: वेगाचा वर्ग म्हणजे त्वरण आणि अंतर यांच्या गुणाकाराची दुप्पट. त्वरण येते सेकंदाला सेकंदाला सुमारे २,२०,००० मीटर, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या सुमारे २२,५०० पट. चाळीस किलोच्या मुलाचा भार त्या क्षणी ९०० टनांएवढा होईल. सगळा प्रकार एका सेकंदाच्या विसाव्या भागात आटोपतो. व्हर्नला ही अडचण अगदीच जाणवली नव्हती असे नाही. धक्का सोसण्यासाठी त्याने गोळ्याच्या तळाशी पाण्याचा थर ठेवला. हुशार विद्यार्थी हा मुद्दा काढतील, तेव्हा त्यांना विचारा: थर एक मीटरचा असेल तर अंतरात भर किती पडली? एक मीटर. आणि हवी किती? माणसाला सोसेल असे, म्हणजे गुरुत्वाच्या साधारण तिप्पट त्वरण ठेवायचे, तर तोफेची नळी सुमारे २,००० किलोमीटर लांब लागेल. मुंबईहून कोलकात्याला रेल्वेने जावे इतकी! अग्निबाणाला नळी नसते, तो आपला वेग कित्येक मिनिटे चढवत नेतो, आणि म्हणून त्यातली माणसे जिवंत राहतात. तोफ का नको आणि अग्निबाण का हवा, हे इतक्या थोडक्यात पटवून देणारे दुसरे उदाहरण आम्हांला तरी माहीत नाही.

वेल्सच्या १८९७ सालच्या अदृश्य माणसाचेही पेरेलमन असेच करतात. दिसण्यासाठी डोळ्यातल्या दृष्टिपटलाने प्रकाश शोषला पाहिजे. शरीर पूर्ण पारदर्शक झाले तर प्रकाश आरपार निघून जाईल आणि अदृश्य माणूस ठार आंधळा होईल. डबक्यातली काचेसारखी पारदर्शक माशांची पिल्ले पाहा. त्यांचेही डोळे तेवढे काळे असतात.

काही शिक्षकांना वाटते, की चुकीचे विज्ञान असलेली गोष्ट मुलांना देऊच नये. आम्हांला हे पटत नाही. पेरेलमन यांना व्हर्नवर राग नव्हता. प्रेम असल्याशिवाय कोणी दुसऱ्याच्या तोफेची लांबी मोजत बसत नाही. क्रम मात्र सांभाळावा. अकराव्या-बाराव्या वर्षी भागवतांचा व्हर्न, आणि सूत्र हाताशी आल्यावर पेरेलमन. उलट क्रमाने दिले तर गोष्टही जाते आणि गणितही. आणि पेरेलमन देताना एक सावधगिरी हवी.

बर्फावरून पाय का घसरतो? पेरेलमन यांचे उत्तर असे, की दाबामुळे बर्फाचा द्रवणांक खाली येतो, बर्फ वितळतो आणि पाण्याच्या थरावरून आपण घसरतो. अनेक पाठ्यपुस्तकांतही हेच छापले जाई. पण आकडे घालून पाहा. एका वातावरणाच्या दाबाने द्रवणांक फक्त ०.००७५ अंशाने उतरतो. एक अंश उतरवायचा तर सुमारे १३० वातावरणांचा दाब हवा. साठ किलोचा माणूस ३० सेंटिमीटर लांब आणि ३ मिलिमीटर रुंद पात्याच्या बुटावर उभा राहिला, तर दाब येतो सहा-सात वातावरणे, द्रवणांक उतरतो एका अंशाच्या विसाव्या भागाने. पात्याचा थोडाच भाग बर्फाला टेकतो असे धरले तर दाब वाढेल हे खरे. परंतु उणे दहा अंशांच्या बर्फावर सपाट तळव्याच्या बुटानेही माणूस घसरतोच, त्याचे काय? आज असे मानतात, की बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू आतल्या रेणूंइतके घट्ट बांधलेले नसतात. द्रवासारखा चंचल असा अतिशय पातळ थर तिथे मुळातच असतो, आणि घर्षणाची उष्णता त्याला मदत करते. या थराच्या तपशिलांवर अजूनही संशोधन चालू आहे. अशा थराची कल्पना पहिल्यांदा १८५० साली मांडली ती मायकेल फॅरडेनेच! म्हणजे जुने पुस्तक ते चुकीचे आणि नवे ते बरोबर, असा सरळ हिशेब इथेही जमत नाही.

तेव्हा ग्रंथालयासाठी आमची सूचना साधी आहे. रंगीत चित्रांची आणि ‘हे तुम्हांला माहीत आहे का’ छापाची जाड पुस्तके थोडी कमी घ्यावीत. ती दोन वर्षांत शिळी होतात, आणि त्यांतले काहीच तपासता येत नसल्याने शिळी झाल्याचे मुलांना कळतही नाही. त्या पैशांत काड्यापेटीच्या काड्या आणि टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायला शिकवणारी अरविंद गुप्ता यांची पुस्तके येतील. ती त्यांच्या संकेतस्थळावर मोफतही मिळतात, मराठीतसुद्धा. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंकही आता महाजालावर आहेत. कपाटाची किल्ली मात्र कुणा एकाच्या खिशात नसावी.

आणि एक पेन्सिल व कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा कपाटात ठेवावा. पुस्तकातले विधान ज्याने तपासले त्याने त्या पानावर चिठ्ठी घालावी: काय केले, काय दिसले, तारीख. बदललेली माहिती असेल तीही तशीच नोंदवावी. पहिली चिठ्ठी पेरेलमन यांच्या बर्फाच्या पानावर घालता येईल. बर्फाचे दोन खडे पाण्यात बुडवून एकमेकांना हलकेच टेकवून धरा आणि थोड्या वेळाने एक उचला. दुसराही बरोबर येतो का ते पाहा. फॅरडेने त्या पातळ थराची कल्पना मांडली, ती याच चिकटण्यावरून.